दारापासून दारापर्यंत तीस तास

१४ जानेवारी २०१९, सोमवार

अम्मच्चीला, माझ्या आईला, आज घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आता इस्पितळात ठेवून वेगळं काही करण्यासारखं नाही. किती दिवस, असं मी विचारलं. दोन आठवडे असतील, दोन महिनेही असतील. एक्याऐंशी वर्षांच्या हृदयाला वेळापत्रक नसतं, असं ते म्हणाले. म्हणताना ते थोडे ओशाळले, कारण कुंबनाडमध्ये मला सगळे ओळखतात ते वेळापत्रकांमुळेच. बसस्टँडसमोरच्या गाळ्यात बसून बावीस वर्षं मी विमानाची तिकिटं काढून देतो आहे. इथं घराआड एक माणूस परदेशात आहे. त्यांना इथं यायला किती वेळ लागतो हे त्यांच्या आईबापांपेक्षा मला जास्त नेमकं सांगता येतं.

बाबुच्चायन, माझा थोरला भाऊ, ह्यूस्टनला असतो. ह्यूस्टन ते दोहा साडेचौदा तास. दोह्यात सव्वातीन तास थांबा. दोहा ते नेडुंबाश्शेरी, म्हणजे कोचीचा विमानतळ, सव्वाचार. विमानतळ ते विमानतळ बावीस तास. पण विमानतळावर कुणाचं घर नसतं. त्याच्या घरून निघणं, तीन तास आधी पोचणं, इकडे सामानाची वाट बघणं, मग कुंबनाडपर्यंत तीन तासांचा रस्ता. दारापासून दारापर्यंत तीस तास. विमानाचे तास मोजू नका, दाराचे मोजा, असं मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो.

म्हणजे अम्मच्ची जायच्या आधी तीस तास मला ते कळायला हवं.

ऑगस्टमध्ये मला वाटलं होतं की कळलं. मी त्याला बोलावलं, तो हातातलं काम टाकून आला, आणि अम्मच्ची ओसरीत खुर्चीवर बसून तांदळाची कंजी खात होती. "मी गेले असं सांगून आणलं की काय तुला यानं?" असं तिनं विचारलं आणि सगळे हसले. मग पूर आला. विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी चढलं, दोन आठवडे तो बंद राहिला. बाबुच्चायन वेळेवर परतू शकला नाही आणि त्याची नोकरी गेली. पूर काही मी आणला नव्हता. पण बोलावलं मीच होतं.

१६ जानेवारी, बुधवार

सकाळी बाबुच्चायनशी बोललो. नवी नोकरी नोव्हेंबरातली आहे, मार्चपर्यंत एक दिवसही रजा नाही. आई आजारी आहे म्हणून चालत नाही, तो म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, की घरात कुणी गेलं तर देतात, पाच दिवस. 

शेवटी तो म्हणाला, "कुंजू, तू म्हणशील त्या क्षणी निघतो. नोकरी गेली तर गेली. पण तू नक्की सांग."

मी हो म्हणालो. नक्की म्हणजे काय, ते त्यालाही माहीत नाही आणि मलाही.

१९ जानेवारी, शनिवार

दुपारी गाळ्यावर मत्तायी आला. त्याचे वडील तीन दिवस जेवलेले नाहीत, मुलगा मेलबर्नला. बोलवू की दोन दिवस बघू, असं विचारत होता. मी म्हणालो, आजच बोलवा. एक मिनिट लागलं मला ते सांगायला.  मत्तायीच्या बापासाठी एक मिनिट, आणि माझ्या आईसाठी सहा दिवस झाले तरी मी अजून बघतोच आहे.

घरी आलो तर अम्मच्चीनं कपाटावरचा पृथ्वीगोल काढून मांडीवर घेतला होता. सोसाम्मा टीचर, म्हणजे अम्मच्चीच, निवृत्त झाल्या तेव्हा शाळेनं दिलेला. छत्तीस वर्षं तिनं भूगोल शिकवला. शिवणाचा दोरा कोचीपासून ह्यूस्टनपर्यंत ताणून धरत होती. सगळ्यात जवळची वाट ध्रुवाच्या शेजारून जाते, तरी हे लोक वाळवंटावरून का नेतात, असा तिचा प्रश्न. मी म्हणालो, सरळ विमानच नाही. "पंधरा हजार चारशेचे सोळा हजार करून ठेवले," ती म्हणाली, जणू मीच केले.

मला आणि बाबुच्चायनला शाळेत तीच होती. रेखांशांवरून वेळ काढायचं गणित माझं नेहमी चुकायचं. पश्चिमेला वजा करायचं, मी मिळवायचो. ती माझा डावा कान दोन बोटांत धरायची, वर्गातही आणि घरीही. पिरगाळायची नाही, नुसता धरून ठेवायची, मी गणित पुन्हा करेपर्यंत. बाबुच्चायनच्या कानाला तिचा हात कधी लागला नाही. त्याचं कधी चुकलंच नाही.

२० जानेवारी, रविवार

नेहमीचा रविवारचा फोन. अम्मच्चीनं पडद्यावर बाबुच्चायनला बघितलं, काय जेवलास म्हणून विचारलं. तो म्हणाला, कप्पा, म्हणजे उकडलेला साबुकंद, आणि माशाचं कालवण. तिथला कप्पा गोठवलेला, त्याला काय चव, असं ती म्हणाली. दमली. चार मिनिटांत फोन माझ्याकडे दिला.

२२ जानेवारी, मंगळवार

पाय सुजलेत. बिन्सी, माझी बायको, रोज तिचं अंग पुसते, कूस बदलते. मी औषधं आणतो आणि दारात उभा राहतो.

आज बिन्सी चिडली. स्वयंपाकघरात, आवाज न चढवता. "तुम्ही त्यांना बोलवत नाही, ते त्यांच्या नोकरीसाठी की तुमच्यासाठी?"

मी म्हणालो, त्याची नोकरी माझ्यामुळे एकदा गेली आहे.

"म्हणजे ऑगस्टमध्ये चुकलात म्हणून आता चुकायचंच नाही. असंच ना? आई मरायला टेकलीय आणि तुम्ही उत्तर बरोबर यायची वाट बघताय."

मी गाळ्यावर निघून आलो. इथं बसून स्वतःला नीट विचारलं. बाबुच्चायन आला की घर त्याचं होतं. त्यात त्याचा दोष नाही. तो खाटेवर बसतो, ती त्याचा हात हातात घेते, शेजारी त्याला बघायला येतात, आणि मी खुर्च्या आणत असतो. हे आठ-नऊ दिवस ती माझ्या एकट्याची आहे. म्हणून मी थांबलो आहे का? नाही, असं लिहिणार होतो. लिहवत नाही.

२४ जानेवारी, गुरुवार

जे झालं ते क्रमानं लिहितो.

कालपासून अम्मच्चीनं काही खाल्लेलं नाही. दुपारी डॉक्टर घरी येऊन गेले. ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा, असं ओसरीत उभं राहून म्हणाले. मी फोन घेऊन अंगणात निघालो होतो. तिच्या खोलीवरून जाताना तिनं हाक मारली.

"बाबू निघाला का?"

बोलावतो आता, असं म्हणायचं होतं. पण तिचे डोळे बघितले आणि माझ्या तोंडून गेलं, "निघाला."

"कधी?"

"आत्ताच. विमान सुटलं."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीन वाजले होते. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे उद्या पाचला घरी."

"पाचला," मी म्हणालो. तिचा आकडा बरोबर होता. बावीस आणि चार.

मग तिनं बिन्सीकडे पेन्सिल मागितली आणि औषधांच्या चिठ्ठीमागे काहीतरी लिहून ती उशीखाली ठेवली. मला वाटलं, कुठली गोळी कधी घ्यायची ते.

बाबुच्चायनला फोन लावला तेव्हा तिथं पहाटेचे पावणेचार होते. पहिल्याच घंटीला उचलला. मी म्हणालो, नीघ. त्यानं काही विचारलं नाही, नुसतं बरं म्हणाला. पण तिथल्या आजच्या विमानात जागा नव्हती. सगळे मार्ग धुंडाळले, सिंगापूरकडूनही बघितलं. उद्याच्या संध्याकाळच्या विमानात एक जागा मिळाली. म्हणजे खरा बाबुच्चायन रविवारी सकाळी आठला दारात. आणि मी सोडलेलं विमान उद्या पाचला पोचतं.

मध्ये एकोणचाळीस तास. ते मला कुठेतरी घालवायचे आहेत. आयुष्यभर लोकांचे तास वाचवले, आता वाढवायचे कसे ते येत नाही.

संध्याकाळी एकदा तिनं विचारलं, कुठवर आला असेल. मी म्हणालो, अटलांटिकवर. ती म्हणाली, "झोपू दे त्याला."

२५ जानेवारी, शुक्रवार, सकाळ

आठ वाजता तिच्या खाटेपाशी बसलो होतो आणि खिशातला फोन वाजला. पडद्यावर बाबुच्चायनचं नाव. जो माझ्या सांगण्यानुसार दोह्यात उतरलेला असायला हवा, तो ह्यूस्टनला आपल्या घरी जेवून आईला बघायला फोन करत होता. मी फोन उपडा धरला. वाजतच राहिला.

"घे," अम्मच्ची म्हणाली. "गिऱ्हाईक असेल."

मी अंगणात गेलो. बाबुच्चायन म्हणाला, पिशवी भरून झाली, जरा अम्मच्चीला दाखव. मी म्हणालो, झोपली आहे. जागी झाली की लाव, तो म्हणाला. मी म्हणालो, दमते ती, रविवारी बघशीलच. "हो, तेही खरंच," तो म्हणाला.

त्याला काय माहीत? आणि मला माहीत असून मी असं केलं. आत जाऊन, अम्मच्ची, मी खोटं बोललो, तो अजून निघालेला नाही, हा घे फोन, एवढंच म्हणायचं होतं. पायऱ्या चढेपर्यंत म्हणणारही होतो. आत गेलो तर तीच म्हणाली, "दोह्यात या दिवसांत धुकं असतं ना रे?"

मी म्हणालो, असतं.

"मग अडकला असेल तिथं. उशीर झाला तर तू जिवाला लावून घेऊ नकोस. कंजी खाल्लीस का?"

मी धुक्याचा विचारही केला नव्हता, आणि तिनं ते आपणहून समोर ठेवलं. तिचं मन आता भरकटायला लागलं आहे. इतके तास विमानाचा घोर लागलेली बाई एकदम कंजीवर येते. तिच्या भरकटण्याचा मी फायदा घेतला. म्हणालो, हो, धुकं आहे, आत्ताच कळलं. ती म्हणाली, "बघ."

२६ जानेवारी, शनिवार

अम्मच्ची काल संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गेली.

पावणेपाचला तिनं किती वाजले म्हणून विचारलं. श्वास लहान झाला होता. बिन्सी पायाशी, मी उशाशी. घड्याळात पाच झाले तेव्हा तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आलास."

तिला मी बाबू वाटलो. पाच वाजता बाबू येणार होता आणि पाच वाजता कुणीतरी तिच्यावर वाकलेलं होतं. मी काय करायला हवं होतं? मी म्हणालो, "हो अम्मच्ची. मी बाबू. आलो."

ती हसल्यासारखी झाली. हात वर आणायला तिला फार वेळ लागला. माझा डावा कान दोन बोटांत धरला. जोर नव्हताच.

"बरं," ती म्हणाली. "बस मग आता. धावू नको."

मी बसलो. कान तिच्या बोटांत होता म्हणून वाकूनच बसलो. काही वेळानं बोटं आपोआप सुटली. पुढे ती बोलली नाही. शेवटच्या शुद्धीत तिच्यासमोर बाबुच्चायन होता. निदान तेवढं तरी मी तिला देऊ शकलो, असं म्हणत मी रात्र काढली. ते खरं आहे का, की मी मला समजावतो आहे?

बाबुच्चायनला फोन केला तेव्हा तिथं सकाळचे सात वाजले होते. घरून निघायला त्याला अजून आठ तास होते.  तो म्हणाला, "मग आता..." आणि थांबला. पुढचं वाक्य मीच त्याच्यासाठी बोललो. म्हणालो, आता घाई नाही. सगळ्यांना घेऊन ये, मुलांनाही. रजा आता मिळेलच. तो म्हणाला, हो, आता मिळेल. आणि हुंदका आला त्याला.

तिकीट मी बदललं. एकाची चार केली. गुरुवारी पोचतील, संस्कार पुढच्या शनिवारी. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेचा मजकूर घ्यायला माणसाचा फोन आला. नाव, वय, शाळा, मुलांची नावं. शेवटी त्यानं विचारलं, "संस्कार?" मी म्हणालो, नंतर. त्यानं पुढे काही विचारलं नाही. आमच्याकडच्या पानात अर्ध्या चौकटींखाली तेवढंच असतं: संस्कार नंतर. ज्यांची मुलं लांब, त्यांचा. त्यातल्या कितीतरी तारखा माझ्या गाळ्यात ठरल्या आहेत.

फोन ठेवण्याआधी बाबुच्चायननं विचारलं होतं, "माझी आठवण काढली का तिनं?"

मी सांगितलं, "तू आलास असंच तिला वाटलं. मला तू समजली. 'आलास' म्हणाली."

तो मोठ्यानं रडला. मग म्हणाला, तू माझ्यासाठी फार केलंस, कुंजू.

३० जानेवारी, बुधवार

इस्पितळाच्या शवागारात जाऊन आलो. जायची गरज नव्हती. तिथल्या माणसानं खण ओढून दाखवला. कपाळावर हात ठेवला, काढून घेतला.

एकोणचाळीस तास ती थांबू शकली नाही. आता पाच दिवस थांबली आहे, तक्रार नाही.

२ फेब्रुवारी, शनिवार

झालं. चर्चमध्ये गर्दी होती, तिचे जुने विद्यार्थी आले होते. बाबुच्चायन बोलायला उभा राहिला. म्हणाला, सोळा हजार किलोमीटरवर होतो, तरी अम्मच्चीनं शेवटच्या क्षणी मला जवळ बोलावून घेतलं. माझा भाऊ साक्षीला होता. तिनं 'आलास' म्हटलं, ते मला म्हटलं. पुढच्या बाकांवरच्या बायका डोळे पुसत होत्या. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

बिन्सीनं बघितलं नाही.

६ फेब्रुवारी, बुधवार

बाबुच्चायनला आणि मुलांना नेडुंबाश्शेरीला सोडून आलो. वाटेत दोनदा सांगायला तोंड उघडलं, शुक्रवारी तुझा फोन आला तेव्हा अम्मच्ची जागी होती. एकदा त्याच्या मुलीनं पाणी मागितलं. दुसऱ्यांदा कुणीच काही मागितलं नाही, तरी बोललो नाही. आता त्याच्याजवळ तेवढी एकच गोष्ट आहे, ती काढून घेऊन मी मोकळा होणार. असा मोकळेपणा मला नको. पण ही माझी दया आहे की भीती, हे ठरवता येत नाही.

निघताना त्यानं मला मिठी मारली. मग ते काचेच्या आत गेले. दारापासून दारापर्यंत तीस तास.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

बिन्सीनं आज अम्मच्चीची गादी उन्हात घातली. उशीच्या खोळीत औषधांची चिठ्ठी होती. मागच्या बाजूला पेन्सिलनं, अक्षर थरथरलेलं:

३.०० – ११.३० = ३.३०

त्याखाली "पहाट". त्याखाली "बाबूचं विमान संध्याकाळी. (ऑगस्ट)". आणि खाली दोन रेघा. गणित पुरं झालं की ती फळ्यावर अशाच दोन रेघा मारायची.

मी ओट्यावर बसलो. गणित बरोबर आहे; ऑगस्टमध्ये बाबुच्चायन संध्याकाळच्या विमानानं निघाला होता, तेही तिच्या लक्षात होतं. कोचीत दुपारचे तीन म्हणजे ह्यूस्टनला पहाटेचे साडेतीन, आणि त्या वेळी तिथून इकडे येणारं एकही विमान सुटत नाही. बावीस वर्षं हेच काम करणाऱ्यानं ते बोलण्याआधी वजा करून बघितलं नाही. तिनं बघितलं. गुरुवारी तीन वाजताच तिला कळलं की मी खोटं बोललो.

म्हणजे शुक्रवारी फोन वाजला तेव्हा तो कुणाचा होता हेही तिला माहीत होतं. तिनं मागितला असता तर मी दिला असता. तिनं मागितला नाही. गिऱ्हाईक असेल, म्हणाली. मी उघडा पडू नये म्हणून थोरल्या मुलाचा शेवटचा आवाज तिनं ऐकला नाही. धुकंही तिनंच आणलं. मी तिला वेळ काढून देत नव्हतो, ती मला देत होती. एकोणचाळीस तास नव्हे, त्याच्या आधीपासून. आणि शेवटी तिला जे काही मिळालं ते माझ्या तोंडचं खोटं होतं, ते तिनं ओळखून घेतलं. हे मी कुठे नेऊन ठेवू?

चिठ्ठी बिन्सीला दाखवली. तिनं वाचली, घडी घातली, माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली. मी तिला म्हणालो, एवढं शुद्धीवर होती ती. बिन्सी माझ्याकडे बघत राहिली, काही बोलेल असं वाटलं. मग तिनं उशी झटकली आणि आत गेली.

एकच गोष्ट मला अजून उलगडत नाही. तिला सगळं इतकं स्वच्छ कळत होतं, बाबुच्चायन ह्यूस्टनला आहे हे माहीत होतं, तर पाच वाजता, माझा कान हातात धरून, ती मला बाबू कशी समजली?